सातव्या नंबरचं मशीन

ऑक्टोबरमध्ये लोकेश गजभिये गेला आणि मार्चमध्ये त्याच्या सर्व्हर रूमची किल्ली समताच्या हातात आली. मधल्या पाच महिन्यांत तिथल्या कशालाही कुणी हात लावला नव्हता. परदेशातल्या, स्लोटरडाइक स्टेशनाजवळच्या त्या ऑफिसात मराठी माणसं दोनच होती, तो आणि ती. समता त्याला दादा म्हणायची. ती नवीन आली तेव्हा त्याने तिला जुनी सायकल मिळवून दिली होती, आणि उलटं पेडल मारून ब्रेक कसा लावायचा ते पार्किंगमध्ये तीन संध्याकाळी शिकवलं होतं. मग त्याला कॅन्सर निघाला आणि सहा महिन्यांत सगळं संपलं.

मंगळवारी सकाळी यरून, त्यांचा साहेब, नवा केव्हीएम स्विच तिच्या टेबलावर ठेवून गेला. पुस्तकाएवढी काळी पेटी. एकच कीबोर्ड, एकच माउस आणि एकच स्क्रीन घेऊन आठ मशीन त्यावर चालवायची. जुना स्विच अधूनमधून माउस विसरत होता.

सर्व्हर रूमला खिडकी नव्हती. थंड हवा आणि पंख्यांची एकसारखी घरघर. समताने जुन्या स्विचच्या मागच्या वायरी एकेक करून काढल्या आणि त्याच क्रमाने नव्या पेटीत लावल्या. प्रत्येक वायरीवर निळी चिकटपट्टी होती आणि त्यावर लोकेशच्या अक्षरात मशीनचं नाव. सातव्या वायरीवर मात्र काहीच नव्हतं. ती रॅकच्या तळाशी ठेवलेल्या एका जुन्या डेस्कटॉपला गेली होती. यादीत त्याची नोंद नव्हती, पण ते चालू होतं. नंतर बघू म्हणून समताने तीही वायर जोडली. स्क्रीनवरच्या मेनूत सगळ्या मशीनना नावं देताना सातव्यापुढे तिने लिहिलं, 'माहीत नाही'.

स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं आणि मग आकडा. एक, दोन, तीन... दर वेळी स्विच टिक् असा आवाज करायचा आणि पुढचं मशीन स्क्रीनवर यायचं. सगळं नीट चालत होतं. आठही मशीन स्वतःहून फिरून दिसतात का तेवढं बघायचं राहिलं होतं. तिने स्कॅन सुरू केला, प्रत्येक मशीन पाच सेकंद, आणि डबा उघडून स्टुलावर बसली. एक वाजून गेला होता.

टिक्. सातवं मशीन. एक पांढरी खिडकी उघडी, तिच्यात मराठीत ओळींखाली ओळी, आणि सगळ्यात खाली एक.

'आज मेथी केली.'

टिक्. आठवं. पुन्हा पहिलं. समताला वाटलं, दादाचंच जुनं काहीतरी उघडं राहिलं असेल. चाळीस सेकंदांनी सातवं परत आलं. त्या ओळीखाली आता आणखी एक ओळ होती.

'हीटिंग परत बंद पडलंय. माणूस गुरुवारी येणार म्हणे.'

तिने हातातली पोळी खाली ठेवली. कीबोर्ड तिच्यासमोर होता, त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता. समताच्या घरी भुताखेतांना थारा नव्हता. अमावास्येला स्मशानाजवळून मुद्दाम चालत जायचं, हे वडिलांनीच तिला शिकवलं होतं. तरी पुढचे चाळीस सेकंद तिला तिथून उठता आलं नाही.

टिक्. या वेळी तिने स्कॅन थांबवला. पडद्यावरचा बाण आपोआप सरकला, शेवटच्या ओळीखाली आला, आणि एकेक अक्षर उमटू लागलं.

'तू जेवलास का?'

आई रोज फोनवर हेच विचारते. समताची बोटं कीबोर्डवर कधी गेली ते तिलाच कळलं नाही. तिने लिहिलं, 'हो'.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग घाईघाईत, चुकत, खोडत अक्षरं आली.

'लोकेश?'

आणि लगेच पुन्हा, 'लोकेश?'

समताने एकचा आकडा दाबला. समोर पहिला सर्व्हर आला, शांत, निळा. भीती आता वेगळी होती. पलीकडे कुणीतरी जिवंत माणूस होतं, आणि त्याच्यासाठी मेलेला माणूस आत्ता बोलला होता.

ती लोकेशची बायको नीलमच असणार, हे शोधावं लागलं नाही. आजारपणात लोकेश घरी पलंगावर टॅबलेट घेऊन काम करायचा; ते या जुन्या मशीनमधून, हे समताला आता कळलं. त्याचं ऑफिसचं खातं बंद झालं होतं, पण ही वाट त्याने वेगळी काढली होती आणि ती कुणाला माहीत नव्हती. समताने यरूनला जे घडलं ते सांगितलं. तो म्हणाला, बाहेरून अशी उघडी वाट ठेवता येणार नाही, मशीन काढावंच लागेल, पण शुक्रवारपर्यंत ठेव. समता तशीच स्टेशनवर गेली आणि लोकेशच्या घरी जायला डीमनची ट्रेन पकडली.

नीलमने दार उघडलं. डोळे सुजलेले होते, पण तिने केस विंचरून बांधले होते, ठेवणीतला कुडता घातला होता.

"जयभीम, ताई," समता म्हणाली.

"जयभीम. ये ना. अगं, आत्ता मी तुलाच फोन करणार होते. तुला सांगितलं तर तू हसणार नाहीस ना?"

समता बसली नाही. बसली असती तर तिला बोलता आलं नसतं. "नीलमताई, मघाशी 'हो' मी लिहिलं. मला माहीत नव्हतं तुम्ही आहात. मी स्विच बसवत होते."

नीलम तिच्याकडे बघत राहिली. टेबलावर टॅबलेट उघडा होता.

"तू सांगायला कशाला आलीस?" ती म्हणाली.

समता आता बसली.

"दोन तास तो होता गं," नीलम म्हणाली. "मी वेडी नाहीये. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला मीच सगळ्यांना वाढलं. तो नाही हे मला माहीत आहे. तो गेल्यावर हा टॅबलेट बंद करायला घेतला, तर त्याच्या कामाची स्क्रीन तशीच चालू. कामाची यादी अर्धी. खाली रेघ लुकलुकत होती. जेवायच्या सुट्टीत तो मला फोन करायचा, म्हणून त्या वेळेला लिहीत गेले. उत्तर यावं म्हणून नाही. आणि आज आलं." तिने तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली. "तू खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं."

"मशीन शुक्रवारी काढणार आहेत, ताई. फाइल मी तुम्हाला काढून देईन. वाचणार नाही."

"नको देऊस," नीलम म्हणाली. आणि टॅबलेट बाजूला सारून, "मला तिथे येऊ देतील?"

यरूनने नाव लिहून पास दिला, काही विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी नीलम त्या थंड खोलीत आली. लोकेश अठरा वर्षं या कामात होता, पण असली खोली ती पहिल्यांदाच बघत होती. समताने स्टूल पुढे केलं आणि सांगितलं, "हे दोनदा दाबा, मग सात."

नीलमने दाबलं. समता दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मागून बराच वेळ टायपिंगचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"बंद कसं करायचं?" नीलमने विचारलं. "तू नको करूस. फक्त सांग."

समताने सांगितलं. स्क्रीन काळी झाली. तळाच्या डेस्कटॉपचा पंखा मंदावत थांबला, पण बाकीच्या घरघरीत ते ऐकूसुद्धा आलं नाही. नीलम गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"गरम आहे अजून," ती म्हणाली.

समता तिच्याशेजारी जमिनीवर बसली. पत्रा पूर्ण थंड होईपर्यंत नीलमने हात उचलला नाही.