दोरीवरून आलेली नळी

डॉक्टरांनी तबेल्याच्या मधोमध दोरी बांधली, तेव्हापासून भाऊ-बहीण लांबूनच बोलत होते. पलीकडे तापाने फणफणलेले घोडे आणि धाकटा. अलीकडे धडधाकट घोडे आणि ताई.

"हा विषाणू माणसाला काही करत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण घोड्याच्या शेंबडातून, शिंकेतून, तुमच्या हातांवरून फिरतो. गाभण घोडीला लागला, तर शिंगरू पोटातच जाऊ शकतं."

गाभण एकटी काजळी होती. तिची आई मेल्यावर ताईनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ताईने दोरी पाळली, हात धुऊन धुऊन सोलून निघाले. तरी आज अलीकडच्या एका घोड्याला ताप भरला.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "पाणी कसं पाजता ते दाखवा बघू."

नळ पलीकडे होता. धाकट्याने आपल्या बादल्या भरल्या आणि नळीचं टोक दोरीवरून दिलं. "घे, आधी तुझ्या लाडकीला. नाहीतर बोलणी मलाच."

ताईने ते बादलीत तळापर्यंत बुडवलं. वरून धार पडली की आवाजाने घोडे बिचकतात, म्हणून दोघांची ही जुनी सवय.

"तुम्हीही असंच बुडवता?" डॉक्टरांनी धाकट्याला विचारलं.

"हो. ताईनंच शिकवलंय."

माणसं दोरी ओलांडत नव्हती, पण नळी रोज ओलांडत होती. आजारी घोड्यांनी नाक घातलेल्या बादल्यांतून थेट काजळीच्या बादलीत.

डॉक्टरांनी काजळीला थर्मामीटर लावला. "ताप आहे. हिला पलीकडे, शेवटच्या ठाणात न्या."

"मी जाते तिच्याबरोबर."

"मग इकडच्यांना कोण बघणार?"



"माझ्याकडे दे," धाकटा म्हणाला. "तिच्या उशाशीच झोपतो. घोरलो तर तीच लाथ घालेल."

ताईने कासरा त्याच्या हातात दिला. काजळी मात्र जागची हलेना. मान वळवून ताईकडेच बघत राहिली.

"ताई, तू दिसतेस तोवर ती यायची नाही."

ताई गवताच्या गंजीआड जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने टापा वाजल्या. एकेक, थांबत थांबत, लांब जाणाऱ्या.