मिठाचा पाठ

"बाई, सांजच्याले तुमी खोलीत कोनासंग बोलता?"

द्वारकानं उभं राहून विचारलं आणि चौथीच्या वर्गात पाट्यांवरच्या पेन्सिली जिथल्या तिथं थांबल्या. पैज विमलनं लावली होती. "विचारून दाखव, मंग माह्या वट्यातली सारी बोरं तुह्यी." खुर्शीदानं वरून मीठ चोळलं होतं, "इची कायची हिंमत व्हते व, नुस्ती तोंडाची पाटलीन हाय." आता द्वारका म्हणजे अशी पोर, की वाऱ्याला गाठ मार म्हटलं तर आधी पदर खोचेल आणि मग विचारेल, कुठल्या वाऱ्याला. त्यात यंदा ती वर्गात पहिली आली होती आणि आपण सांगितलेलं चार जणी ऐकतात, हे तिला नुकतंच कळलं होतं.

अन्नपूर्णाबाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचा खडूचा हात हळूच खाली आला.

"तुमच्याशीच," त्या म्हणाल्या आणि फळ्यावरची बेरीज पुढं लिहू लागल्या.

बोरं मिळाली, पण द्वारकाचा जीव काही थाऱ्यावर येईना. आमच्याशी कसं? आम्ही तर त्या वेळी आपापल्या घरी असतो.

बाईंची खोली द्वारकाच्या गोठ्याला लागून होती. मधे तुराट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा. गाय जिथं अंग घासायची तिथला गिलावा पडून फट झाली होती. त्या संध्याकाळी वासराला पाणी दाखवायच्या निमित्तानं द्वारका आत शिरली आणि तिनं फटीला डोळा लावला.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर भांडी, ओळीनं मांडलेली. पोचा आलेला गडवा, पितळी, पालथी घातलेली वाटी, कानतुटकी कढई.

"द्वारका, हात खाली. सगळं तूच सांगू नकोस," बाई गडव्याला म्हणाल्या. मग कढईकडे वळल्या. "खुर्शीदा, तू सांग. पाण्यात टाकलेलं मीठ कुठं गेलं?" आणि मग आवाज बारीक करून स्वतःच बोलल्या, "संपलं, बाई." लगेच पुन्हा आपल्या आवाजात, "संपलं म्हणतेस? बरं, चाखून बघ."

द्वारकाला आधी हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. पण बाई थांबेनात. पहिल्यापासून पुन्हा सुरू. तोच प्रश्न, तीच भांडी, तसाच दर वेळी "शाब्बास" म्हणून गडव्याच्या काठावर फिरवलेला हात. मग तिचं हसू कुठं गेलं, तिचं तिलाच समजलं नाही.

गावात बाईंना सगळे मान द्यायचे. मान म्हणजे काय, तर लांबून. त्या पाणवठ्यावर आल्या की बायका घागर उचलून वाट करून द्यायच्या आणि बोलणं अर्ध्यावर सोडायच्या. नवऱ्यानं टाकलेली, लोणारकडची, एकटी राहणारी. त्यांच्याशी काय बोलायचं, हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि न बोलता दोन वर्षं निघून गेली होती.

भांड्यांचा उलगडा द्वारकाला बापाकडून झाला. उत्तमराव शाळेच्या कमिटीवर होते.

"डिप्टीसाहेब येऊन राह्यले तपासनीले," जेवताना ते म्हणाले. "मांगच्या साली बाईवर नाराज झाले व्हते. म्हने, बाई नुस्त्या सांगतात, पोरींले इचारत नाईत. या खेपेले वस्तुपाठ घेऊन दाखवा म्हनले. वस्तू समोर ठेवाची आन् इचारून इचारून पोरींच्याच तोंडून सारं काढाचं. जमलं तं बाई कायम. नाई तं अमरावतीच्या नॉर्मल शाळेतून मास्तरकी शिकून आलेली ट्रेंड बाई आनतीन."

"आन् ह्या बाई कुठी जातीन?" द्वारकानं विचारलं.

"जातीन भावाच्या घरी. तुले काय करनं हाय? भाकर खाय."

पण द्वारकाला पुष्कळ काही करायचं होतं. रात्रभर तिच्या डोक्यात एकच चाललं. बाई भांड्यांना शिकवतात, आणि भांडी काही तपासणीच्या दिवशी उत्तरं द्यायची नाहीत. उत्तरं आपण द्यायची आहेत.

मग रोज संध्याकाळी ती गोठ्यात. आई तानुबाई म्हणायची, "काय व, वासरू अंगात आलं का तुह्या? हलत नाई तिथून." द्वारकानं फटीतून सगळा पाठ उचलला, बाईंच्या श्वासासकट. आणि दुपारच्या सुट्टीत तिनं चौघींना खाऱ्या विहिरीच्या काठच्या दगडी थाळ्यावर बसवलं. त्या भागातल्या सगळ्याच विहिरी खाऱ्या, पण ही इतकी खारी की बैलही तोंड लावून मान झटकायचे. तिथं कोणी येणार नव्हतं.

"आयका," द्वारका म्हणाली. "फडक्याखाली काय हाय, असं बाई कोडं घालतीन. मी म्हनन, मीठ. मंग रंग इचारतीन. विमल, तू म्हन पांढरा. मंग चव. आशा, तू म्हन खारट. मंग कुठून येते? रुक्मिनी, तू म्हन समुद्रातून. मंग बाई ते पान्यात टाकतीन आन् इचारतीन, मीठ कुठं गेलं? खुर्शीदा, तू म्हन, संपलं, बाई."

"मी काऊन चुकीचं सांगू?" खुर्शीदा उसळली. "मले नाई समजत का? मीठ काय संपते? अब्बा हसतीन मले."

"चुकीचं पायजेच हाय. तू चुकली, तवाच बाई म्हनतीन चाखून पाय. तुह्याबिगर पाठच पुढं सरकत नाई."

हे ऐकल्यावर खुर्शीदा जरा फुगली. "मंग ठीक हाय. पाठ माह्यावरच हाय म्हना."

"पन साहेबाच्या समोर माह्यं तं डोकंच चालत नाई व," आशा म्हणाली. "बाई काय इचारून राह्यल्या, तेच आयकू येत नाई."

"तं आयकूच नको," द्वारकानं निकाल दिला. "नंबरानं उठाचं. मी बसली का विमल, विमल बसली का आशा. कोनी इकडं तिकडं पाह्याचं नाई. मंग चुकाची बातच नाई."

बाईंना सांगायचं नाही, असं ठरलं. बाईंना एकदम आनंद झाला पाहिजे.

तपासणीच्या दिवशी शाळा सारवलेली, दाराला आंब्याच्या डहाळ्या, पाटलांच्या घरून आणलेली खुर्ची. डिप्टीसाहेब सकाळी सायकलीवर आले. त्यांचा मुक्काम शेजारच्या वरवट बकाल गावात होता, आणि तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुढं निघणार होते. माणूस रागीट नव्हता. पोरींना त्यांनी बसा म्हटलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाईंना म्हणाले, "चालू द्या."

बाईंनी टेबलावर फडक्यानं झाकलेली वाटी ठेवली. शेजारी काचेचा पेला. खुर्शीदाचे वडील कादरभाई बांगड्या विकायचे, तो पेला त्यांच्या घरून मागून आणलेला. बाईंचे ओठ कोरडे पडलेले द्वारकाला पहिल्या ओळीतून दिसत होते.

"ताटात रोज वाढतात, पण पोटभर कोणीच खात नाही. असं काय असेल?"

"मीठ, बाई." द्वारका उठली, बसली.

बाईंनी फडकं उचललं. घाईत त्याच्याबरोबर दोन खडे खाली सांडले. त्या ते वेचायला वाकल्या, उठल्या, आणि रंगाचा प्रश्न तिथंच राहून गेला.

"हं. तर मग याची चव कशी?"

विमल ताडकन उठली. "पांढरा, बाई."

साहेबांच्या मिशा हलल्या. बाईंनी विमलकडे बघितलं, पण पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडातून आपोआप निघून गेला होता. "आणि हे कुठून येतं?"

"खारट," आशा म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते.

द्वारकानं मागं वळून "थांब, थांब" असं ओठांनी केलं. पण कोणी इकडं तिकडं बघायचं नाही, हे तिनंच बजावलं होतं आणि कोणी बघत नव्हतं. बाईंनी मीठ पेल्यात टाकलं, काडीनं ढवळलं. पाणी गढूळ झालं, मग स्वच्छ.

"आता मीठ कुठं गेलं?"

"समुद्रातून," रुक्मिणी म्हणाली आणि बसली.

बाईंची काडी पेल्यातच थांबली. काहीच विचारलेलं नव्हतं. तरी खुर्शीदा शिस्तीत उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"संपलं, बाई."

साहेब हसले. अगदी मोकळं हसले, म्हणून तर ते जास्त लागलं. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "मुलींना पढवून आणलंत बाई. पढवणं आणि शिकवणं, यातला फरकच तर मला बघायचा होता. कोणी बसवलं यांच्याकडून हे?"

बाईंची नजर ओळीवरून फिरली. "संपलं, बाई." हे शब्द, हा बारीक काढलेला आवाज, खोलीच्या चार भिंतींबाहेर कधी गेला नव्हता. त्यांची नजर द्वारकाशी येऊन थांबली. द्वारकाला उठायचं होतं. कधी नव्हे ते ती पाटीची कड धरून खालीच बसून राहिली.

"मीच, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब गेल्यावर शाळा लवकर सुटली. चौघी आपापल्या घरी पांगल्या. द्वारका मात्र या खेपेला गोठ्यात गेली नाही, दारातून बाईंच्या खोलीत गेली. बाई पेला घासत होत्या, परत द्यायचा म्हणून.

"तुमी काऊन म्हनल्या, मीच? म्या सांगितलं व्हतं त्याहिले. तुमाले मालूमच नव्हतं."

"मग काय सांगायचं होतं? रोज संध्याकाळी मी भांड्यांशी बोलते आणि पोरी ते ऐकतात, हे?" बाई हसल्या, पण वर बघितलं नाही. "कधीपासून ऐकत होतीस?"

"लय दिवसापासून. रोज."

"रोज." बाईंनी पेला उजेडात धरून बघितला. "मला वाटायचं, कोणीच नाही."

पलीकडं वासरू हंबरत होतं.

"तुमी आता?"

"लोणारला. भावाकडं. वहिनी ठेवून घेईल, दळायला-पाणी भरायला माणूस लागतंच त्यांना." बाईंनी चुलीजवळची राख हातानं सारखी केली. "इथं पगार कितीसा होता म्हणा. पण चूल माझी होती ना गं. जा आता. तुझी आई वाट बघत असेल."

घरी उत्तमराव ओसरीत बसून तंबाखू मळत होते. तानुबाई दिव्याची वात सारत होती.

"होत असते अशी गोष्ट," ते म्हणाले. "साहेबानं कमिटीले सांगून टाकलं, ट्रेंड बाई पाठवतो. आपल्याच पोरींचं भलं हाय."

"एकली बाईमानूस," तानुबाई म्हणाली. "भावाकडं गेलेलीच बरी. चाल व द्वारके, हात धू."

द्वारका उंबऱ्यातच उभी राहिली.

"साहेब उद्या दुपारपावतर वरवटले हायेत," ती म्हणाली. "मी सकाळीच तिथं चालली. पोरींले म्या पढवलं, बाईनं नाई, असं त्याहिले सांगीन. आन् म्हनीन, बाईचा पाठ पुन्हा पाहा, या खेपेले मी कोनाले काईच सांगत नाई."

उत्तमरावांचा तंबाखूचा हात थांबला. "पोरीच्या जातीनं साहेबासमोर जाचं? खुळी झाली का? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. बा, तुमी येत असान तं या," द्वारका म्हणाली. "नाई तं मी एकली जाईन."