एक नंबरची दोरी

गॅविन मकफेलनं मावशीचं सोंग पहिल्यांदा आणलं ते तिच्याच स्वयंपाकघरात, तिचाच फुलाफुलांचा झगा चढवून. तेव्हा तो दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या नोकरीत होता. मोरॅगमावशी त्या दिवशी खिडकीतून शेजाऱ्यावर करवादत होती. हिरवी कचरापेटी कोणत्या वारी आणि तपकिरी कोणत्या वारी हेही ज्याला कळत नाही, त्यानं मतदान कशाला करावं म्हणे! गॅविननं तेच बोलणं तिच्या आवाजात मोबाइलसमोर म्हटलं आणि इंटरनेटवर सोडून दिलं. सकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिलं होतं.

मावशी रागावेल असं वाटलं होतं, पण कुठलं काय! बेकरीच्या रांगेत ती पुढच्या-मागच्यांना सांगायला लागली, "ती मीच बरं का." आई लंडनला गेली ती गेलीच, तेव्हापासून, म्हणजे सहाव्या वर्षापासून, गॅविन मावशीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, टॅमकाकाच्या, ग्रीनॉक गावातल्या घरात वाढला. काका गोदीतला वेल्डर, बोलायचा कमी. "तू नक्कल केलीस की ती कौतुक करते," तो म्हणायचा, "मी केली की माझा चहा बंद होतो."

चार वर्षांत गॅविननं नोकरी सोडली, स्वतःची वेगळी खोली घेतली, ग्लासगोचं नाट्यगृह दोन रात्री भरवलं, ऑगस्टच्या महोत्सवात एडिंबरालाही जाऊन आला. सगळं मावशीच्या झग्यावर. नवा झगा लागला की तीच बाजारातून आणून द्यायची.

मग काकाची छाती बिघडली. गोदीत जन्मभर जे फुफ्फुसात गेलं ते बाहेर थोडंच येणार? डॉक्टरांनी काही महिने दिले. एका रविवारी काका, मावशी आणि गॅविन टेबलाशी दोऱ्यांची यादी करायला बसले. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवतात ती आपल्याच माणसांच्या हातांनी. आठ दोऱ्या, आठ माणसं, प्रत्येकाला आधी नंबराचं कार्ड जातं. एक नंबर डोक्याशी, तो मुलाचा. कुणाला दोरी मिळाली आणि कुणाला नाही हे लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

काकानं पहिल्या कार्डावर स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, गॅविन. पुढची नावं तो सांगायचा आणि मावशी खोडायची.

"सेंगा."

"तुझी बहीण असेल. माझ्या पन्नाशीला शिळा केक घेऊन आली होती."

"आर्ची."

"आधी शिडी परत कर म्हणावं! बावीस वर्षं झाली."

"बरं, बिली?"

"आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या वैऱ्यांचा, पेझलीच्या फुटबॉल संघाचा मफलर घालून आलेला माणूस? टॅम, तू मर खुशाल, पण त्याच्या हातून नको."

काका हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. गॅविनच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण दुसऱ्याच दिवशी गाढवानं त्याचा व्हिडिओ केला. नावं बदलली की झालं, असं त्याला वाटलं. अहो, ग्रीनॉकमध्ये उसनी शिडी बावीस वर्षं दाबून बसलेला माणूस एकच आहे!

तीस लाख लोक हसले. सेंगा दारात येऊन रडली. बिलीनं फोनवर नको नको ते ऐकवलं. आर्चीनं शिडी आणून भिंतीला टेकवली आणि पाठ फिरवून गेला. काका आतून ओरडला, "मी अजून जिवंत आहे, मग ही रांग कसली?"

गॅविननं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो शंभर ठिकाणी पोचला होता. मावशीचा फोन आला. "माझं बोलणं नेलंस, माझा झगा नेलास, मी काही म्हटलं नाही. ह्याचं मरण कशाला नेलंस रे?" त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही.

काका फेब्रुवारीत गेला. सेंगानं कळवलं. गॅविन तीन दिवस टपालाची वाट पाहत होता. कार्ड आलं नाही. तरी तो काळा टाय बांधून गेला. जायलाच पाहिजे होतं तोंड दाखवायला, नाही तर स्वतःला तोंड कसं दाखवणार?

दफनभूमीत क्लाइड नदीवरून बोचरा वारा येत होता. नंबर पुकारले जाऊ लागले, एक नंबर शेवटी ठेवून. दोन, सेंगा. तीन, बिली. चार, आर्ची. खोडलेलं एकेक माणूस पुढे येऊन दोरी धरत होतं. सगळं चव्हाट्यावर आल्यावर मावशीला त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. गॅविनच्या मागून कुणीतरी कुजबुजलं, "ए, मावशीचा आवाज काढ ना!"

"एक नंबर," पुकारा झाला. मावशी सरळ गॅविनपाशी आली. त्यानं हात पुढे केला.

"धर," म्हणून तिनं आपली हातपिशवी त्याच्या हातात दिली, आणि जाऊन डोक्याकडची दोरी स्वतः धरली.

पेटी खाली गेली तेव्हा ज्यानं त्याला सायकल शिकवली त्या माणसासाठी त्याच्या हातात फक्त एक पिशवी होती. तो हमसून हमसून रडला.

नंतर हॉलमध्ये सूप, मांस भरून भाजलेला स्टेक पाय आणि बटाटे झाले. मावशी त्याच्या समोर बसली, पिशवी ओढून घेतली आणि एक कार्ड टेबलावर ठेवलं. एक नंबर, काकाच्या अक्षरात त्याचं नाव, त्यावर निळ्या शाईची रेघ.

"मरेपर्यंत सांगत होता, पोराला दोरी दे म्हणून. मी खोडलं. त्यानं नाही."

"चुकलो गं, मावशी," गॅविन म्हणाला.

"चुकलासच. आता हेही लोकांना सांगशील?"

"नाही. शपथ."

"बघू." तिनं नाक पुसलं.

तो कार्ड उचलू लागला तशी तिनं त्यावर हात ठेवला. "हे माझ्याकडे राहील. माझ्या मयतीचा एक नंबर अजून ठरलेला नाही. सेंगाही टपून आहे. ऊठ, आधी त्या बशा गोळा कर."

गॅविन उठला आणि पहिली बशी सेंगाच्या पुढची उचलली.