वाटणीचं रडणं

"कोठे गया रे मना भाऊ!" असा भावासाठीचा, आमच्या बोलीतला हंबरडा वर्गातून आला आणि माझ्या हातातला डबा निसटता निसटता राहिला. वाटलं, पांडेसऱ्यातल्या कारखान्यांत पुन्हा काहीतरी फुटलं. दारातून पाहते तर माझी सून सरला तोंडावर पदर ओढून, छाती बडवत रडतेय आणि वर्गभर पोरं खिदळतायत.

एकाहत्तर साली साऱ्या गल्लीत इंग्रजी शिकवणारी सून एक माझीच. इंग्रजांच्या म्हणी ती खेळातून शिकवायची. एकाने सोंग करायचं, बाकीच्यांनी म्हण ओळखायची. परवा धो धो पावसाला 'कुत्री-मांजरं पडतात' म्हणायला शिकवलं, तर पोरं भुंकत घरी आली. तेव्हा मीही हसले होते.

"ओळखा!" सरलाने पदर वर केला. डोळे कोरडे ठाक.

"मगरीचे अश्रू!" पोरं इंग्रजीत ओरडली.

"शाबास. म्हणजे खोटं रडणं."

पहिल्या बाकावर सुंदरा बसली होती. आमच्या गल्लीतल्या दगाची पोर. पोळ्याच्या सुमारास रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटून दगा गेला, तेव्हा त्याच्या दारात मी रडले होते ते हेच. असाच पदर, हेच शब्द. सुनेने एकूण एक उचलले होते.

सुंदरा हसत नव्हती. मला पाहून उठून आली.

"आजी, तू मना बापसाठे खोटं रडनी व्हती का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सरले!"

"आत्याबाई, खेळ आहे हो. मुलांच्या लक्षात राहतं..."

"राहिलं ना! बघ हिच्या लक्षात काय राहिलं ते. कारखान्याचा शेठ हार घेऊन आला होता, रुमालाने डोळे टिपत. त्याचं सोंग करायला हात गळाले का तुझे?"

 

मी तिथेच फरशीवर बसले. सुंदराला पुढ्यात घेतलं.

"ऐक. तुझी फुई, बापाची सख्खी बहीण, तिकडे गावी साक्रीला. तिला तार मिळून ती इथे येईस्तोवर माती होऊन गेलेली. बहिणीच्या रडण्याविना भावाला धाडायचं कसं? म्हणून पोटासाठी आलो त्या या परमुलखात आपण बाया रडणं वाटून घेतो. कोणी आईचं, कोणी बहिणीचं. तुझ्या फुईच्या वाटणीचं मी रडले. नळावरून तुझ्या बापाशी माझा अबोला होता, तरी रडले. घसा बसला माझा."

"मंग खरं?"

"खरं शे, पोरी."

सरलाने फळ्यावर लिहिलेली ती म्हण पुसायला घेतली.

"पुसू नको," मी म्हटलं. "शिकव. पण सोंगाला आमचा पदर घेऊ नको."

डबा तिला दिला नाही. राहू दे उपाशी. पायरीवर बसून सुंदरालाच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी फडक्यात गुंडाळली.

"हाई सरलाबाईनी वाटनी."

माझा राग उतरला नव्हता.

"तूच दे नेऊन," मी म्हटलं.