सत्तेचाळीस नंबरची नळी

इंदूरजवळच्या शहरात, फ्रीगंज भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये उषा अठरा वर्षं रक्त तपासत होती. मागच्या वर्षी तिथे एका नेत्रतज्ज्ञांचं संशोधन सुरू झालं. मधुमेहात रक्तवाहिन्यांना आतून सूज आली की रक्तात काही प्रथिनं वाढतात. ती मोजून डोळ्याचा पडदा बिघडणार हे आधीच कळेल का, हे त्यांना पाहायचं होतं. माणसं कमी पडत होती, म्हणून उषानं आपल्या नणंदेला, नंदाताईंना, बोलावून आणलं. ताई एकट्या राहायच्या आणि लड्डूगोपाळाचे, म्हणजे बाळकृष्णाच्या मूर्तीचे, पोशाख शिवायच्या. शुगर बारा वर्षांची जुनी.

रक्त उषानंच काढलं आणि नळीवर नावाऐवजी सत्तेचाळीस नंबर टाकला. चार दिवसांनी निकाल आले. साठ जणांत सत्तेचाळीसचे आकडे सगळ्यांत वर होते. तिने तोच नमुना पुन्हा तपासून पाहिला. तेच आले.

तिने डॉक्टरांना विचारलं. एवढ्यावरून एका माणसाचं काही ठरत नाही, उगाच कुणाला घाबरवू नये, असं ते म्हणाले. सगळ्यांच्या डोळ्यांचे फोटो पाळीपाळीनं काढणारच होते. "अभी किसी को कुछ नहीं बताना." ताईंचे फोटो दीड महिन्यानं निघणार होते. त्या रविवारी त्या जेवायला आल्या, तेव्हा हल्ली सुईत दोरा ओवायला वेळ लागतो म्हणाल्या. वयच झालं ना आता, असं म्हणून उषानं आमटी वाढली.

निकालानंतर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोशाखाला गोट्याची जरीची किनार लावताना ताईंच्या उजव्या डोळ्यापुढे काजळी उतरली. दुपारपर्यंत त्या डोळ्यानं काहीच दिसेना. आत रक्तस्राव झाला होता, पडदाही ओढला गेला होता. इंदूरला ऑपरेशन झालं, पण तो डोळा गेला तो गेलाच. डावा लेझरनं कसाबसा राखला.

दवाखान्यात उषानं ताईंना आपणहून सगळं सांगितलं.

"आकडा नसता सांगितलास तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "ताई, एकदा डोळे दाखवून या, एवढं तर म्हणायचं होतंस. ते तर कुणीही म्हणतं."

डॉक्टर चूक नव्हते, असं उषाला आजही वाटतं. पण तेवढ्यानं झोप लागत नाही.

शुगर तपासायला ताई अजून त्याच लॅबमध्ये येतात. उषा सुई घेऊन पुढे झाली, तर शेजारच्या टेबलावरच्या सायलीला म्हणतात, "बेटा, तू काढ."