पान सदतीस

एम.ए. अर्थशास्त्राला एकोणीस विभागांत एकच पुस्तक, एकच प्रश्नसंच आणि एकच आदर्श उत्तर असं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी म्हणाले, "अर्थशास्त्र म्हणजे काय गणवेश आहे, सगळ्यांना एकाच मापाचा शिवायला?" लोक हसले आणि ठराव मंजूर झाला. माझ्या विनोदांचं नेहमी असंच होतं.

गंमत म्हणजे त्या पुस्तकातलं करांवरचं प्रकरण माझंच निघालं. पुस्तकाच्या समितीने सगळीकडून टिपणं मागवली होती आणि आमच्या कार्यालयाने कपाटातल्या माझ्या मूळ प्रतीची झेरॉक्स मला न विचारता पाठवून दिली होती. खोटं कशाला बोलू, कळल्यावर मला बरंच वाटलं.

त्या टिपणांत पान सदतीसवर एक चूक आहे. एखाद्या वस्तूवर कर बसला, तर त्याचा किती भार गिऱ्हाइकावर पडतो आणि किती विक्रेत्यावर, याची तिथे दोन सूत्रं आहेत. बारा वर्षांपूर्वी टाइप करताना माझ्याकडून त्यांची अदलाबदल झाली. ज्याला माल सोडून जाता येत नाही त्याच्या डोक्यावर भार जास्त, हे खरं तर कोणालाही कळतं. औषध महागलं म्हणून माणूस ताप पुढच्या महिन्यावर ढकलत नाही.

मग दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगायचे, "पान सदतीस काढा, पेन घ्या आणि दोन बाण मारा, वरचं खाली, खालचं वर. छापलंय म्हणून खरं मानायचं नाही!" वर्ग हसायचा आणि तो धडा कोणी विसरत नसे. पहिल्या वर्षी तो निव्वळ आळस होता. पुढे मी त्याला अध्यापनपद्धती म्हणायला लागले.

नवीन पुस्तक आलं आणि मी आधी करांवरचं प्रकरण उघडलं. चूक जशीच्या तशी होती. त्याच दिवशी समितीला दोन ओळी लिहायला हव्या होत्या, पण मी लिहिल्या नाहीत. प्रमाण पुस्तकात चूक, अध्यक्षांचं नाक कापलं जाणार, याची मला मजा वाटली. आपल्या तेवीस मुलांना बाण मारायला लावले आणि गप्प बसले.

परीक्षेत औषधावरच्या कराचा प्रश्न आला, सोळा गुणांचा. तपासणी मध्यवर्ती, आदर्श उत्तर समोर ठेवून. माझ्या तेवीस जणांना सोळापैकी दोन-दोन गुण मिळाले, तेही आकृतीचे. बाकी अठरा विभाग चुकीचं उत्तर लिहून पैकीच्या पैकी घेऊन गेले.

त्या तेविसांत वकीलबाई होती. एकही वाक्य वाद घातल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं होतं. संशोधनाच्या जागेला ती चार गुणांनी कमी पडली. यादी शुक्रवारी बंद होणार होती. ती मंगळवारी माझ्या खोलीत आली, पण बसली नाही.

"मॅडम, माझं उत्तर चुकलं का?"

"नाही गं."

"मग पुस्तक चुकलंय, हे समितीला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्हाला होतं."

वाद घालायला तिने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. ती गेली.

संध्याकाळी मी थोरल्या बहिणीच्या औषधाच्या दुकानात जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं, समितीच्या नावाने खडेही फोडले. ती गोळ्यांच्या पट्ट्या कापून पाकिटात भरत होती.

"म्हणजे तुझ्या पुस्तकाप्रमाणे औषधावरचा कर मी भरते, पेशंट नाही?"

"पुस्तकाप्रमाणे, हो."

"काउंटरच्या या बाजूला एक दिवस उभं राहायला सांग त्यांना." मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "चूक माझी म्हणायला तुला लाज वाटते. पोरीचं वर्ष घालवायला नाही वाटत?"

ताईला अर्थशास्त्र येत नाही, पण तिच्यापुढे माझं कधीच काही चालत नाही.

बुधवारी समितीच्या अध्यक्षाकडे गेले. तो माझा वर्गमित्र. प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारायचा, म्हणून आम्ही त्याला पट्टी म्हणायचो. त्याने सूत्र दोनदा तपासलं आणि चष्मा काढला.

"अगं, अठरा विभागांतल्या कोणालाच कसं दिसलं नाही?"

"विचारलंस का त्यांना?"

त्याने तिथल्या तिथे दोघांना फोन लावला. "म्हणाले, आम्हाला दिसलं होतं, पण प्रमाण पुस्तक आहे म्हटल्यावर वाटलं, आमचंच चुकत असेल."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तो म्हणाला, "बाकीच्यांचे गुण आता काढता येणार नाहीत. तुझ्या मुलांचे वाढवता येतील, पण कारण लेखी लागेल. मुद्रणदोष म्हणून लिही, कोणाला काही लागणार नाही."

मोह झाला. छापखाना बिचारा काही बोलला नसता. पण मी लिहिलं, की चूक माझी आहे, बारा वर्षांपूर्वीची आहे, आणि पुस्तक छापून आलं त्या दिवसापासून ती मला माहीत होती. शेवटचं वाक्य वाचून पट्टीने वर पाहिलं. त्या वाक्याखाली मात्र त्याने रेघ मारली नाही. गुरुवारी तेवीस जणांचे गुण वाढले. शुक्रवारी यादीत वकीलबाईचं नाव शेवटचं होतं. माझं नाव अभ्यास मंडळातून वगळल्याचं पत्रही त्याच दिवशी आलं.

सोमवारी ती पुन्हा आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. तिने पिशवीतून माझ्या टिपणांची मूळ प्रत काढली, कार्यालयातून मागून आणलेली. पान सदतीस उघडून माझ्यापुढे ठेवलं. ते पान कोरं करकरीत होतं. बारा वर्षं बाण मारले ते मुलांनी, आपापल्या प्रतींवर.

"आता तुम्ही मारा, मॅडम," ती म्हणाली आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

मी वरचं खाली केलं, खालचं वर. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.