चेटकिणीचं माप

बहरीनमधल्या अमवाजच्या एका मॅडमला हॅलोविनसाठी चेटकिणी हव्या होत्या. त्याही नव्या लाकडाच्या नकोत, म्हणे, टाकाऊ फळकुटांच्याच हव्यात, जुनाट दिसल्या पाहिजेत. घ्या! जन्मभर हाशिम खडबडीत लाकूड घासून गुळगुळीत करत आला, आणि आता माल ठेवायची मोडकी पॅलेटं फोडून त्यातून चेटकिणी काढायच्या. पण वर्कशॉपच्या मालकाने हो म्हटलं होतं, म्हणजे विषय खलास.

खिळे उपटून त्याने फळ्या जोडल्या, कानावरची पेन्सिल काढली आणि एका दमात आकृती ओढली. टोपी, झाडू, घोळदार झगा. चार चेटकिणी कापून भिंतीला टेकवल्या, तसा शेजारच्या टेबलावर काम करणारा रोह्याचा वकार खो खो हसत सुटला.

“हाशिमभाई, चारही एकसारख्या! एक हात कमरेवर, मान तिरकी. कुणाशी भांडायला निघाल्यात ह्या?”

हाशिमने पाहिलं. ती अकीला होती, त्याची बायको. दाभोळच्या घरी परसदारी कोंबड्या हाकलताना ती अश्शीच उभी राहायची.

आणि दुसरं काय उमटणार होतं त्याच्या हातातून? महिनाभर माणूस दुसरा विचार करत होता कुठे! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण संसार झाला तो रजेपुरता. आधी मुलाची, झैदची शाळा, मग सासूचं अंथरूण, अकीलाला तिथून हलता येईना. ह्याला तर गेली तीन वर्षं रजाच मिळाली नव्हती. रमजानच्या आधी अम्मी अल्लाला प्यारी झाली, तिच्या मातीलाही तो पोचला नाही. झैद आता पुण्याला नोकरीला लागला, घर रिकामं झालं. हाशिमने मालकाच्या मागे लागून बायकोच्या व्हिसाचं जमवलं, इथल्या सनद भागात तिसऱ्या मजल्यावर खोली हेरली. घरमालकाला आज जबाब द्यायचा होता. आणि ही बाई? रोज विचारावं, तर रोज एकच, “बघू या.” हिला आपली गरजच उरली नाही, आपण तिथले पाहुणे झालो, असं हाशिमला वाटू लागलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने व्हिडिओ कॉल लावला. नेहमीसारखा अकीलाचा चेहरा आला, कपाळापर्यंत ओढणी घेतलेला.

“जेवलात?”

“ते राहू दे. गंमत बघ.” त्याने फोन चेटकिणींकडे वळवला.

अकीला क्षणभर बघत राहिली, मग एवढी हसली की तिला ठसका लागला. “या अल्ला! मला चेटकीण केलंत? लोकांच्या दारात उभी करणार मला?”

“तुला कसं कळलं, तूच ती?”

“न कळायला काय झालं? पण ही आताची मी नव्हे. ही झैद पाळण्यात होता तेव्हाची. कंबर तर बघा मेलीची! झैदचे अब्बा, मला धड बघितलंत कधी शेवटचं?”

“रोज तर बघतो.”

“रोज तोंड बघता.”

तिने फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि मागे सरत गेली. हाशिमने फोन डोळ्यांजवळ धरला. हात कमरेवर होता, पण तोऱ्याचा नव्हता, टेकूचा होता. डावा गुडघा बाहेर वळलेला. भिंतीचा आधार घेत ती पडवीत दोन पावलं चालली, तेवढ्यात अंग एका बाजूला कललं.

“हे कधी झालं? बोलली नाहीस कधी!”

“दुरून तुमच्या जिवाला घोर कशाला?” ती भिंतीला टेकली. “तुम्ही बोलावताय ना, ती ही फळीवरची बाई. विमानातून उतरायची मी, आणि तुम्ही माझ्या मागे हिला शोधत राहायचे. मला भीती वाटते हो. म्हणून आपलं बघू या, बघू या.”

महिनाभर तो तिच्यावर मनातल्या मनात रुसून बसला होता, आणि ती तिकडे ह्या धास्तीने झुरत होती.

“अकीला, पुन्हा चाल.”

“थट्टा करता?”

“नाही गो. हळू चाल. मला बघू दे.”

ती चालली. पडवीच्या टोकाशी गेली तशी फोनमध्ये नुसती भिंत उरली. तेवढ्या वेळातही हाशिमचा जीव कासावीस झाला. वाटलं, आत्ताच्या आत्ता जावं आणि हिला हाताला धरून इथे बहरीनला आणावं. ती धापा टाकत परत आली आणि फोनसमोर बसली.

“बघितलंत?”

“बघितलं.” त्याने बाहीने डोळे पुसले. “सनदच्या माणसाला नाही म्हणून सांगतो. तळमजल्यावरची खोली शोधतो.”

अकीलाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“संडास कसला आहे, तेही बघा,” ती म्हणाली. “मला आता खाली बसवत नाही.”